परक्यांची जीभ आणि आपलें नांव

गेल्या महिन्यांत आमच्या पुतणीचें अमेरिकेहून पत्र आलें. तिला तिकडे जाऊन नऊ वर्षें झालीं. आतां लौकरच तिला पहिलें अपत्य व्हावयाचें आहे, आणि तें कन्यारत्न आहे हें तेथील डॉक्टरांनीं तिला आधींच सांगून ठेविलें आहे. पत्रासोबत नांवांची एक यादी होती. यादींत बावीस नांवें असून प्रत्येक नांवापुढें तीन रकाने आंखलेले होते. पहिल्यांत नांवाचा अर्थ, दुसऱ्यांत इंग्रजी अक्षरांतील लेखन, आणि तिसऱ्यांत ‘इकडचे लोक कसें म्हणतील’ याचा अदमास. या तिसऱ्या रकान्यानें बाविसांपैकीं चौदा नांवांचा बळी घेतला होता. ‘ज्ञानदा’ गेली, कारण त्या जोडाक्षराचें इंग्रजींत काय होईल याचा भरंवसा नाहीं. ‘ऋजुता’ गेली, ‘मृण्मयी’ गेली, ‘वृंदा’देखील गेली. आणि बाराव्या ओळींत ‘मंजुळा’ या नांवावर एक आडवी रेघ मारलेली होती. मंजुळा हें आमच्या मातोश्रींचें, म्हणजे पुतणीच्या आजीचें नांव. समासांत तिनें लिहिलें होतें, “काका, आजीचें नांव ठेवावें असें फार मनांत होतें, पण ळ इथें कुणालाच येत नाहीं. रोज हजेरीच्या वेळीं पोरीला ओशाळें व्हावें लागेल. तुम्ही रागावूं नका.”

आम्ही रागावलों नाहीं. मुलगी गुणी आहे, आजीवर तिचा जीव होता, आणि आपल्या पोरीला उगाच त्रास होऊं नये ही तिची इच्छा कोणाही आईला शोभेल अशीच आहे. हा प्रकार तिच्या एकटीचा असता तर त्यासाठीं मासिकाचीं पानें अडविण्याचें आम्हांस कारण नव्हतें. परंतु पुण्यामुंबईंत, नाशिक-नागपुरांत, आणि अलीकडे तालुक्याच्या गांवींसुद्धां, ज्यांनीं स्वतः कधीं समुद्र ओलांडलेला नाहीं अशीं जोडपीं हाच तिसरा रकाना मनांत आंखून बारशाची तयारी करूं लागलीं आहेत. पोर अजून कुशीवर वळलेलें नसतें. पण वीस वर्षांनीं तें परदेशीं जाईल, तेथें त्यास कोणी परका हाक मारील, आणि त्या परक्याची जीभ अडखळेल, या कल्पनेनें आईबाप आजच अडखळतात. नांव आंखूड असावें, त्यांत जोडाक्षर नसावें, ळ नसावा, ण नसावा, आणि घ, ठ, ढ, ध, भ हे महाप्राण तर मुळींच नसावेत. अशी चाळण लावल्यावर जें खालीं उतरतें तें मायरा, कियारा, कियान असल्या नांवांचें पीठ! त्यांचा अर्थ विचारावा तर पुष्कळ आईबापांना तो सांगतां येत नाहीं. ‘ऐकायला बरें वाटतें, आणि कुठेंही चालतें’, एवढेंच उत्तर मिळतें. कुठेंही चालणें हा नाण्याचा गुण खरा. नांवाचा तो मुख्य गुण केव्हांपासून झाला, हें आम्हांस समजत नाहीं.

गैरसमज नको म्हणून एक गोष्ट आधींच सांगून टाकतों. सोप्या नांवांशीं आमचें वैर नाहीं. नील, माया, मीरा, रोहन हीं नांवें सोपीं आहेत आणि सुंदरही आहेत. तीं आवडलीं म्हणून कोणी ठेविलीं तर आम्ही त्यांच्या बारशाचे पेढे आनंदानें खाऊं. आमचें भांडण आहे तें तिसऱ्या रकान्याशीं. आपल्या मुलाचें नांव काय असावें याचा निकाल, ज्यानें तें मूल पाहिलेलें नाहीं व कदाचित् कधीं पाहणारही नाहीं अशा परक्याच्या जिभेवर सोंपविणें गैर आहे. आणि ज्या हेतूनें तो सोंपविला जातो तो हेतुही त्यानें साधत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम जिभेचाच विचार करूं. परक्यांस आपलीं नांवें नीट उच्चारतां येत नाहींत या म्हणण्यांत सत्याचा अंश आहेच. इंग्रजी बोलणाराच्या कानास त आणि ट, द आणि ड यांतील भेद चटकन् उमगत नाहीं. ळ तर त्याच्या भाषेंतच नाहीं. पण न येणें वेगळें आणि न शिकणें वेगळें. आम्ही आज पंचवीसांहून अधिक वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों. आमच्या विद्यार्थ्यांपुढें कीट्स आणि येट्स हे दोन कवि येतात. इंग्रजी लेखनांत या दोन नांवांत पहिल्या अक्षरावांचून कांहींही फरक नाहीं. तरी एकाचा उच्चार ‘कीट्स’ आणि दुसऱ्याचा ‘येट्स’. रोजनिशीकार पीप्स याचें नांव अक्षरांवरून वाचूं गेल्यास ‘पेपिस’ होतें, आणि कूपर कवीचें ‘काउपर’ होतें. ज्याच्या घरीं इंग्रजी पुस्तक कधीं उघडलें गेलें नव्हतें असा खेड्यांतून आलेला विद्यार्थी वर्गांत ‘कीट्स’च्या धर्तीवर ‘यीट्स’ म्हणतो, बाकीचीं मुलें हंसतात, तो लाजतो, आणि दुसऱ्या दिवशीं बरोबर उच्चार पाठ करून येतो. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानें, ‘या कवींच्या आईबापांनीं आमच्या सोयीचीं नांवें कां ठेविलीं नाहींत’, अशी तक्रार केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. चूक आपली, असेंच तो मानतो. आणि हाच विद्यार्थी पुढें परदेशीं गेला, व तेथें त्याचें नांव कोणी चुकीचें उच्चारलें, तर तेव्हांही चूक आपलीच, आपल्या नांवाची, असें तो मानतो! दोन्हीं वेळां कष्ट त्यानेंच उपसावयाचे, आणि दोन्हीं वेळां लाज त्यानेंच बाळगावयाची, असा हा उफराटा न्याय आहे.

यावरून काय दिसतें? उच्चार करणें हें जिभेचें काम खरें. परंतु जीभ किती कष्ट घेईल, हें समोरच्या माणसाची आपल्याला गरज किती व किंमत किती, यावर ठरतें. ‘तेंडुलकर’ या नांवांत ड आहे, त्याच्या आधीं अनुनासिक आहे, आणि नांव पांच अक्षरांचें लांबलचक आहे. जगांतील क्रिकेटच्या समालोचकांनीं तें कसेंबसें कां होईना, पण पुरें घेतलें. सचिननें आपलें आडनांव कापून द्यावें असें कोणी सुचविलें नाहीं, कारण धांवा तो करीत होता. बेळगांवकडून अमेरिकेंत गेलेले श्री ठाणेदार २०२२ सालीं मिशिगन राज्यांतून तेथील प्रतिनिधिगृहावर निवडून आले. ठ आणि ण हे दोन्ही वर्ण त्यांच्या मतदारांस अपरिचित. पण मत देण्यास त्यांची हरकत आली नाहीं. लिओ वराडकर २०१७ सालीं आयर्लंडचे पंतप्रधान झाले. त्यांचें पहिलें नांव युरोपीय आहे हें आम्ही विसरत नाहीं. पण आडनांव मालवण तालुक्यांतील वराड गांवचें, आणि तें आहे तसेंच राहिलें. डब्लिनच्या लोकांनीं त्याचा उच्चार वराडच्या लोकांसारखा केला नसेल. पण आडनांव बदला असेंही म्हटलें नाहीं.

आयर्लंडचें नांव निघालें म्हणून तेथलीच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ‘शिवॉन’ आणि ‘नीव’ हीं आयरिश मुलींचीं प्रचलित नांवें आहेत. तीं लिहावयाचीं आयरिश पद्धतीनें, आणि तीं अक्षरें इंग्रजी रीतीनें वाचूं गेल्यास ‘सिओभान’ व ‘निआम्ह’ असें कांहींतरी विचित्र निघतें. या देशावर इंग्रजांचा अंमल शतकानुशतकें होता, आणि त्या काळांत पुष्कळ आयरिश नांवांनीं इंग्रजी वेष घेतला होता. पण पुढें राष्ट्रीय जागृति झाली तेव्हां त्या लोकांनीं आपलीं जुनीं नांवें त्यांच्या जुन्या लेखनासह पुनः पाळण्यांत घातलीं. त्यांना शेजारी इंग्रज, पोटासाठीं जावयाचें तें इंग्लंड-अमेरिकेंत, आणि घरांत बोलावयाची तीही बहुतेकांची भाषा इंग्रजीच. ज्यांना सोयीचें निमित्त आपल्या शतपट होतें त्यांनीं तें घेतलें नाहीं. आणि ज्यांची भाषा अजून कोट्यवधि लोकांच्या तोंडीं आहे ते आम्ही मात्र एका ळकारासाठीं भिऊन जातों!

आतां दुसऱ्या पक्षाचें म्हणणें ऐकूं. ‘तुम्हांला बोलायला काय जातें? हंसतील तर पोराला हंसतील. पोरांच्या शाळा निर्दय असतात.’ हें खरें आहे. पण सोपें नांव ही चेष्टेवरची ढाल आहे, असें अनुभव सांगत नाहीं. कमला हें नांव आपल्या भाषांतील सर्वांत सोप्या नांवांपैकीं एक. तीन अक्षरें, त्यांत जोडाक्षर नाहीं, महाप्राण नाहीं. तें धारण करणाऱ्या बाई अमेरिकेच्या उपाध्यक्षपदासाठीं उभ्या असतां, ऑक्टोबर २०२० मध्यें, जॉर्जियाचे सेनेटर डेव्हिड पर्ड्यू यांनीं भर सभेंत त्या नांवाचे तुकडे करकरून तें वेडेंवांकडें म्हणून दाखविलें, आणि सभा हंसली. हे गृहस्थ त्याच सेनेटमध्यें त्या बाईंचे सहकारी म्हणून तीन वर्षांहून अधिक काळ बसलेले होते. तो केवळ चुकलेला उच्चार होता असा खुलासा मागाहून त्यांच्या प्रचारकांनीं केला. खुलासा खरा मानावयाचा तर तीन अक्षरांचें नांव तीन वर्षांत येत नाहीं, आणि खोटा मानावयाचा तर तें येत असूनही म्हणावयाचें नसतें. कोणत्याही बाजूनें पाहिलें तरी दोष नांवाकडे येत नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि त्यास टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. तो पोटाचा आहे. परकें नांव दिसलें कीं अर्ज बाजूला पडतो, मग आईबापांनीं स्वाभिमान खावयाचा काय, असें विचारतात. अर्ज बाजूला पडतो ही गोष्ट खरी आहे. बर्ट्रांड व मुल्लइनाथन या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं बॉस्टन व शिकागो येथील नोकऱ्यांसाठीं सुमारें पांच हजार बनावट अर्ज धाडून पाहिले व त्याचा वृत्तांत २००४ सालीं प्रसिद्ध केला. पात्रता सारखी असतां, एमिली व ग्रेग अशा गोऱ्या वळणाच्या नांवांस, लकीशा व जमाल अशा काळ्या लोकांत रूढ असलेल्या नांवांपेक्षां सुमारें पन्नास टक्के अधिक बोलावणीं आलीं. आपल्या देशांतही सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांनीं असाच प्रयोग करून २००७ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथें दलित व मुसलमान नांवांच्या उमेदवारांस, तशीच पात्रता असूनही, सवर्ण हिंदु नांवांच्या उमेदवारांहून कमी प्रतिसाद मिळाला.

हे दोन प्रयोग आमच्या विरुद्ध पक्षाचे लोक मोठ्या आवेशानें पुढें करतात. पण वाचकांनीं क्षणभर थांबून त्यांतलीं नांवें मोठ्यानें म्हणून पाहावीं. जमाल हें नांव म्हणण्यास ग्रेगहून अवघड आहे काय? लकीशा म्हणतांना कोणत्या अमेरिकनाची जीभ अडखळेल? आणि आपल्याकडे ज्यांचे अर्ज बाजूला पडले त्या दलित व मुसलमान उमेदवारांचीं नांवें या देशांत कोणाला उच्चारतां येत नव्हतीं? त्या साहेबांना तीं उत्तम उच्चारतां येत होतीं. नको होता तो माणूस. शिक्षा नांवाच्या कठीणपणाला नसून, तें नांव ज्यांच्याकडे बोट दाखवितें त्यांच्या जातीला, वर्णाला व धर्माला आहे. तेव्हां ‘मंजुळा’ची ‘मायरा’ केल्यानें यांतलें काय टळणार? पुढचें नांव मऊ झालें तरी मागचें आडनांव आहे, कातडी आहे, आणि बापाचें नांव आहे. हा रोग समाजाचा आहे. त्यावर कायदा पाहिजे, चळवळ पाहिजे, लाज वाटण्याइतकें शिक्षण पाहिजे. पाळण्यांतल्या मुलाचें नांव घासून गुळगुळीत करणें हें त्यावरचें औषध नव्हे. या औषधानें रोग्याला रोग आपलाच आहे असें मात्र वाटूं लागतें.

आणखी एक आक्षेप शास्त्राच्या बाजूनें येतो, तोही विचारांत घेतला पाहिजे. कोणी म्हणेल कीं, आपल्या पूर्वजांनींच सोप्या उच्चाराची आज्ञा केलेली आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत, स्त्रियांचीं नांवें सुखानें उच्चारतां येतील अशीं, मृदु व स्पष्ट अर्थाचीं असावींत, असें सांगितलें आहे. तेथील शब्दच ‘सुखोद्य’ असा आहे. त्याच स्मृतीनें त्याच ठिकाणीं शूद्रांच्या नांवांविषयीं जें सांगितलें आहे तें पाहतां, नांवांच्या बाबतींत तिला गुरु करण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. पण वाद म्हणून जरी तें वचन घेतलें, तरी त्यांतला ‘सुख’ कोणाच्या तोंडचा? जी आई, आजी, शेजारीण त्या मुलीला दिवसांतून शंभर वेळां हाक मारणार, तिच्या तोंडचा. शास्त्रकारांनीं सोय पाहिली ती घरच्यांची. आम्ही पाहतों ती वाटसरूंची.

शिवाय घरच्या तोंडीं नांवाचा आकार बदलतो, त्याचें कोणी कधीं दुःख मानलें नाहीं. नारायणाचा नारू झाला, विठ्ठलाचा विठू झाला. आळंदीच्या ज्ञानदेवांचें नांव म्हणजे ‘ज्ञ’ या जोडाक्षराचें माहेरघर. पण पंढरीच्या वाटेवर लाखों वारकरी त्यांस ‘ग्यानबा’ म्हणून हाक मारतात. पंडितांच्या दृष्टीनें तो अशुद्ध उच्चार आहे, आणि त्या हाकेवांचून ज्ञानदेव आमच्यापर्यंत पोंचलेच नसते. म्हणजे नुसत्या चुकीच्या उच्चारानें अपमान होतो असें नाहीं. प्रेमानें झिजलेलें नांव आणि बेपर्वाईनें तुडविलेलें नांव यांत अंतर आहे, आणि लहान मुलालाही तें ऐकतांक्षणीं कळतें. परक्या देशांतील एखादी भली शिक्षिका ‘मंजुळा’ला ‘मंजुला’ म्हणून गेली, पण तिनें तें आपुलकीनें व विचारून म्हटलें, तर आमच्या मातोश्रींच्या नांवाला त्यानें कांहींही बाधा येत नाहीं.

येथपर्यंत आम्हीं परक्यांविषयीं बोललों. पण वादी न्यायासनापुढें जातो तेव्हां त्याचे स्वतःचे हात स्वच्छ असावे लागतात, आणि आमचे ते नाहींत. कुर्ल्याच्या रेल्वे स्थानकावर मराठी पाटींत ‘टिळक’ आणि हिंदी पाटींत ‘तिलक’ वाचून आमच्यांतले किती तरी लोक चिडतात. हिंदी भाषिकांस ळ येत नाहीं म्हणून त्यांना नांवें ठेवतात. आतां आमच्याच वर्तमानपत्रांकडे पाहा. केरळांतील एका प्रसिद्ध शहराचें नांव आम्ही ‘कोझिकोड’ असें लिहितों, आणि तामिळनाडूंतील एका प्रसिद्ध खासदार बाईंचें नांव ‘कनिमोझी’ असें छापतों. मूळ नांवांत झ कोठेंही नाहीं. तामिळ व मलयाळम भाषांतील तो एक विशिष्ट वर्ण आहे, तो इंग्रजींत दोन अक्षरांनीं दाखवितात, आणि आम्ही तीं इंग्रजी अक्षरें पाहून त्यांचा झ करतों. त्या वर्णाला आमच्या वर्णमालेंत सर्वांत जवळचा वर्ण कोणता? आमचा लाडका ळ! ज्या वर्णासाठीं आम्ही साऱ्या जगाशीं भांडावयास निघालों, तो शेजाऱ्याच्या नांवांत भेटला तेव्हां आम्हांला त्याची ओळखही पटली नाहीं, कारण तो इंग्रजी कपड्यांत आला होता.

याहूनही जवळचें पातक घरांतलें आहे. ज्या समाजानें पिढ्यान् पिढ्या आपल्या अर्ध्या माणसांचीं नांवें लग्नाच्या दिवशीं बदलून टाकलीं, तबकांतल्या तांदुळांवर अंगठीनें नवें नांव लिहिलें आणि तें वधूला न विचारतां तिच्यावर बसविलें, त्या समाजाला नांवाच्या पावित्र्यावर बोलण्याचा अधिकार किती? अमेरिकेंत १८८६ सालीं वैद्यकीची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी जन्मानें यमुना होत्या. आणि दूर कशाला जावें, जें नांव यादींत खोडलेलें पाहून आम्हांस वाईट वाटलें, तें ‘मंजुळा’ हें नांव तरी आमच्या मातोश्रींचें मूळचें कोठें होतें? माहेरीं तिला ठकू म्हणत. मंजुळा हें आमच्या घराण्यांतील वडील माणसांनीं, त्यांना गोड वाटलें म्हणून, लग्नांत ठेवलेलें नांव. आयुष्यभर ती त्या नांवाला ओ देत आली. पण कधीं काळीं माहेरचें कोणी म्हातारें माणूस अंगणांत येऊन ‘ठके’ म्हणून हाक मारी, तेव्हां ती ज्या लगबगीनें हातांतलें काम टाकून उठे, ती लगबग आम्हीं दुसऱ्या कोणत्याही हाकेला पाहिली नाहीं. दुसऱ्यांच्या सोयीसाठीं नांव देऊन टाकणें म्हणजे काय, हें या घरांतल्या बायकांना विचारावें. महाराष्ट्र सरकारनें १ मे २०२४ व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नांवांत सरकारी कागदपत्रांवर आईचेंही नांव घालण्याचा नियम केला, तेव्हां कांहीं लोकांनीं नाकें मुरडलीं. आमच्या मतें ती फार उशिरां केलेली एक लहानशी परतफेड आहे.

शेवटीं एक गोष्ट आमच्या स्वतःविषयींची सांगितल्यावांचून हा लेख पुरा करणें बरें दिसणार नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका परदेशी विद्यापीठांत निबंध वाचण्याचा योग आला होता. तेथील सभाध्यक्ष वृद्ध गृहस्थ होते. सभेपूर्वीं ते हातांत पेन्सिल घेऊन आमच्याकडे आले आणि आमचें नांव कसें उच्चारावयाचें तें विचारूं लागले. आम्हीं संकोचानें म्हटलें, “कसेंही म्हणा, चालेल.” त्यांनीं पुनः विचारलें, आम्हीं पुनः तेंच म्हटलें. तिसऱ्यांदां त्यांनीं विचारलें तेव्हां आम्हीं आपण होऊन नांवाचा पहिला तुकडा तोडून त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं तो कागदावर टिपून घेतला, आणि सभेपुढें आमची ओळख त्या तुकड्यानें झाली. आमच्या नांवाची मोडतोड त्या दिवशीं परक्यानें केली नव्हती. तो शिकावयास आला होता, आणि आम्हीं त्यास शिकविण्याचें नाकारलें. आम्ही त्यास विनय समजलों. वास्तविक ती लाज होती. तो तिसरा रकाना आमच्याही मनांत आंखलेला होता, एवढेंच.

म्हणून तरुण आईबापांस आमचें सांगणें असें आहे. नांव आवडीसाठीं ठेवा, अर्थासाठीं ठेवा, आजीच्या आठवणीसाठीं ठेवा, सोपेंच आवडत असेल तर सोपें ठेवा. पण भीतीसाठीं ठेवूं नका. मूल मोठें झालें कीं त्यास आपलें नांव सावकाश, दोनदां, न शरमतां सांगण्यास शिकवा. कोणी चुकल्यास हंसून सुधारावें, कोणी विचारल्यास आनंदानें सांगावें, आणि कोणी मुद्दाम मोडल्यास खपवून घेऊं नये, एवढें त्यास आलें म्हणजे पुरे. आणि त्याबरोबर दुसरी अर्धी गोष्टही शिकवा, ती ही कीं, वर्गांतल्या मल्याळी, मिझो, आदिवासी, चिनी मुलाचें नांवही त्यानें त्या मुलालाच विचारून शिकून घ्यावें. जो हें करीत नाहीं त्याला आपल्या ळकाराबद्दल तक्रार करण्याचा हक्क नाहीं.

पुतणीस आम्हीं उत्तर धाडलें आहे. तिकडे बाळंतीण इस्पितळांतून घरीं जाण्यापूर्वींच बहुधा जन्मनोंदीच्या कागदावर नांव मागतात. बाराव्या दिवसापर्यंत थांबण्याची सवड नसते. त्यामुळें उत्तर आंखूड व लौकर लिहावें लागलें. मंजुळाच ठेव, असें आम्हीं तिला लिहिलें नाहीं. मंजुळेची हकीकत मात्र ठकूसह सगळी कळविली, कारण ती तिला ठाऊक नव्हती. यादी परत पाठविली, पण तींतला तिसरा रकाना कात्रीनें कापून पाठविला. उरलेल्या दोन रकान्यांतून ती जें नांव निवडील तें आम्हांस मान्य आहे. मग तें ‘माया’ असलें तरी हरकत नाहीं. बारसें तीं तिकडेच करणार आहेत. मुलीची आत्या त्यासाठीं येथून जाणार आहे, आणि जगांतल्या कोणाही परक्यानें तें नांव मोडण्यापूर्वीं तें एकदां नीट, कानापाशीं तोंड नेऊन, त्या पोरीला सांगणार आहे.